स्वमग्न मुलाला वर्गात स्वतःचं काम स्वतः करायला कसं शिकवायचं? (तिसरी, पट ४६)

तिसरीच्या_बाई (ऐरोली)

नमस्कार सगळ्यांना. मी ऐरोलीत मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीला शिकवते. जूनपासून माझ्या वर्गात एक स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा आहे, त्याला इथे चिकू म्हणते, खरं नाव नाही. बोलतो छान, वाचनात वर्गात सगळ्यात पुढे, ठाणे ते वाशी लाइनची स्टेशनं उलटसुलट पाठ, कुठलं स्टेशन कुठल्या बाजूला येणार तेही सांगतो. हुशारीबद्दल प्रश्नच नाही.

प्रश्न असा आहे की मी सांगितल्याशिवाय तो काहीच सुरू करत नाही. चिकू दप्तर उघड, चिकू वही काढ, ती नाही निळी, आता तारीख घाल, आता पहिली ओळ. एकेक. मी फळ्याकडे वळले की तो जिथे होता तिथेच थांबतो, अक्षरशः वही अर्धी बाहेर आणि हात दप्तरात तसाच. मागच्या बुधवारी मी मुद्दाम मोजलं, परिपाठ संपल्यापासून मधल्या सुट्टीपर्यंत मी त्याला ३७ वेळा काही ना काही सांगितलं. बाकीची ४५ मुलं आहेतच. आणि आता पुढच्या बाकावरच्या दोन मुली पण अगदी माझ्याच आवाजात "चिकू, पेन्सिल" म्हणायला लागल्यात आणि तो त्यांचंही लगेच ऐकतो. सगळ्यांना त्यात कौतुक वाटतं पण मला त्या दिवशी घरी जाताना रिक्षात बसून फार काळजी वाटली, म्हणजे हा मुलगा मोठा झाला की कोणीही काहीही सांगेल ते करणार का?

दुसरं म्हणजे आवाज वाढला की कान दाबून उठतो आणि दाराकडे जातो. शाळेतून आईवडिलांना सांगितलंय की शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्याच शेजारी बसून मदत करणारी, तुम्ही तुमच्या खर्चाने ठेवा. वडील एमआयडीसीत शिफ्टला जातात, आई घरी शिवणकाम करते, त्यांना ते परवडणारं नाही हे मला दिसतंय. आणि खरं सांगू का, शॅडो टीचर आली तर ३७ वेळा मी सांगतेय ते ती सांगेल, त्याने चिकूचं काय बदलणार?

सेल्फ मॅनेजमेंट, सेल्फ मॉनिटरिंग असं काहीतरी वाचलंय की मूलच स्वतःचं काम बघतं, खूण करतं वगैरे. आठ वर्षांच्या मुलाला ते जमतं का? माझं डीएड साधं आहे, स्पेशलचं काही शिक्षण नाही. कुठून सुरुवात करू? कोणी प्रत्यक्ष केलं असेल त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

नेरुळची_स्पेशल_टीचर

बाई, तुम्ही मोजलंत ना, तिथेच सुरुवात झाली. बहुतेक जण "सारखं सांगावं लागतं" एवढंच म्हणतात, आकडा कोणाकडे नसतो आणि मग महिन्याने फरक पडला की नाही तेही कळत नाही. तो ३७ आकडा वहीत तारखेसकट लिहून ठेवा, अजून दोनतीन दिवस मोजा, एकच दिवस धरू नका.

मी चौदा वर्षं या कामात आहे, आधी वाशीला आणि आता नेरुळला. तुम्ही जे लिहिलंय त्याला आम्ही प्रॉम्प्टवर, म्हणजे दुसऱ्याने दिलेल्या सूचनेवर, अवलंबून राहणं म्हणतो. यात आळस नाही आणि हट्टही नाही. वाचता येणं हे एक काम आणि "आता वही काढायला सुरुवात करायची" हे मेंदूचं वेगळंच काम, आणि स्वमग्न मुलांना बरेचदा ते सुरू करणं आणि एकातून दुसऱ्यात जाणं हेच जड जातं. तुम्ही मायेने सांगत गेलात, त्याचं काम होत गेलं आणि त्याच्या दृष्टीने वही काढायची वेळ झाल्याची खूण म्हणजे तुमचा आवाज असं पक्कं बसलं. तास सुरू होणं, फळ्यावर तारीख येणं, शेजाऱ्यांनी वह्या काढणं या खुणा त्याच्यासाठी खुणाच राहिल्या नाहीत. आणि सगळ्या मदतींमध्ये आवाजाची मदत सुटायला सगळ्यात अवघड. कागद हळूहळू लहान करता येतो, बोट दाखवणं कमी करता येतं, पण बोलणं तसं कमी करत नेणं अवघड जातं.

शॅडो टीचरबद्दल तुमचं बरोबर आहे. चांगली शॅडो तीच जी स्वतःचं काम कमी करत नेते. नुसतं शेजारी बसून सांगत राहणारी ठेवली तर वर्षाच्या शेवटी मूल तिच्याशिवाय पाणीही पीत नाही, मी पाहिलंय.

सेल्फ मॅनेजमेंटला भक्कम आधार आहे हे आधी सांगते कारण मुख्याध्यापक विचारतील. अमेरिकेत २०२० मध्ये एक मोठा आढावा निघाला, १९९० ते २०१७ मधले अभ्यास तपासून स्वमग्न मुलांसाठी पुरावा असलेल्या २८ पद्धती त्यांनी काढल्या, त्यात ही एक आहे. आठ वर्षांच्या मुलाला जमतं, वाचणाऱ्या मुलाला तर नक्कीच. न वाचणाऱ्यांनाही फोटोवर जमतं.

आता करायचं काय. एकच गोष्ट निवडा. दाराकडे जाणं, कान दाबणं सध्या बाजूला ठेवा, त्याचं वेगळं सांगते. "तास सुरू झाला की तयार होणं" एवढंच घ्या. त्याचे तुकडे असे करा की हो की नाही हे त्याला स्वतःला डोळ्यांनी दिसेल. "लक्ष देतोय का" हे दिसत नाही, तुम्हालाही नाही. "दप्तर उघडं आहे", "वही बाकावर आहे", "तारीख घातली", "पहिली ओळ लिहिली" हे दिसतं. चार पुरे. त्याचे त्याच्याच बाकाचे त्याच्याच वहीचे फोटो काढा, नेटवरची चित्रं नकोत.

मग शिकवा, आणि हे बहुतेक जण गाळतात. कार्ड बाकावर चिकटवलं म्हणजे शिकवलं असं होत नाही. शाळा सुटल्यावर किंवा परिपाठाच्या आधी दहा मिनिटं, तीनचार दिवस, वर्ग रिकामा असताना करा. आधी तुम्ही चिकू व्हा. वही अर्धीच काढा आणि त्याला विचारा "वही बाकावर आहे? हो का नाही?" मुलांना मोठ्यांची चूक पकडायला फार आवडतं आणि त्यातून हो आणि नाहीतला फरक त्याच्या डोक्यात बसतो. मग तो करेल आणि स्वतः सांगेल.

खूण त्याने करायची, तुम्ही नाही. तुम्ही तुमच्याकडे वेगळी खूण ठेवायची आणि शेवटी दोघांच्या ताडून बघायच्या. बाई हे नीट वाचा, सुरुवातीला बक्षीस काम केल्याबद्दल नाही तर खरी खूण केल्याबद्दल. त्याने तारीख घातली नाही आणि कार्डावर "नाही" केलं आणि तुमच्याकडेही "नाही", म्हणजे जुळलं, शाबासकी. नाहीतर मूल चार दिवसांत शिकतं की सगळीकडे हो केलं की बाई खूश, आणि मग त्या कार्डाला काही अर्थ उरत नाही.

आणि तुमचा आवाज बंद. अडला तर त्याच्या मागून जा आणि कार्डाकडे नुसतं बोट करा. समोरून नाही, तोंडाकडे बघायला लागतो. तेही जमलं की बोट अर्ध्यावर, मग नुसतं शेजारून चालत जाणं. पहिला आठवडा वाईट जाईल, तो वाट बघत बसेल आणि तुम्हाला बोलायचा मोह होईल. मनात दहापर्यंत मोजा. पुढच्या बाकावरच्या मुलींनाही हेच काम द्या, चिकू अडला तर बोलायचं नाही, कार्डाकडे बोट.

बक्षीस काय ते त्यालाच विचारा. स्टिकर आपल्याला आवडतात.

कळवा_मास्तर

मॅडमचं सगळं पटलं पण एक शंका, रागावू नका. माझ्याही वर्गात ५० च्या वर मुलं आहेत, एकाला वेगळं कार्ड, वेगळं बक्षीस दिलं की बाकीचे लगेच म्हणतात सर आम्हाला का नाही, आणि मग त्या मुलाकडे सगळे बघतात. त्याचं काय करायचं? शिवाय तपासणी आली की विचारतात हे काय चिकटवलंय बाकावर.

नेरुळची_स्पेशल_टीचर

सर रागवायचं काय त्यात, हा प्रश्न येतोच. आठवडाभर कार्ड सगळ्या वर्गाला द्या. खरंच सांगते, तिसरीत निम्म्या मुलांना तारीख घालायची आठवण करावी लागतेच. आठवड्याने बाकीच्यांचा रस संपतो, ज्यांना लागतं त्यांच्याकडे राहतं. तपासणीत कोणी विचारलं तर सरळ सांगा, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये जी २१ दिव्यांगत्वं आहेत त्यात स्वमग्नता आहे, आणि मान्यताप्राप्त शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची असं त्याच कायद्यात आहे. हे कार्ड म्हणजे ती सोय, चष्म्यासारखी. बाई, शॅडो टीचरचा विषय निघेल तेव्हाही हेच मांडा, जबाबदारी कायद्याने शाळेवर टाकलीय, एकट्या आईबापावर नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात, मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र देऊन त्यांना वर्गात बोलवून घ्या. आणि वाशीला महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, पालकांना तिथे एकदा जाऊन यायला सांगा.

घोडबंदरची_आई

तिसरीच्या बाई, तुमची पोस्ट वाचून डोळ्यात पाणी आलं, आमच्या मुलाला तिसरीत अशा बाई मिळाल्या असत्या तर. त्या वर्षी रोज वहीत लाल शेरा यायचा, "काम अपूर्ण, सांगूनही ऐकत नाही". नाव नाही घेत शाळेचं, आता दुसऱ्या शाळेत आहे आणि बरं चाललंय.

माझा मुलगा आता पंधराचा आहे, दहावीला बसेल, बोर्डाची तासाला २० मिनिटं जादा वेळेची सवलत घेणार आहोत. पण मला रागाबद्दल सांगायचंय कारण तुम्ही दाराकडे जाण्याचं लिहिलंय. आम्ही त्याला वर्षानुवर्षं शिकवलं की "चिडलास की सांग, ब्रेक माग". कार्डही दिलं होतं. कधी मागायचाच नाही, एकदम फुटायचा. आमच्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) मॅडमनी मग विचारलं की चिडायला लागलाय हे त्याला स्वतःला कळतं का? आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली. त्याला भूक लागलेलीही कळायची नाही, लघवीलाही एकदम शेवटच्या क्षणी पळायचा. शरीरातून जो निरोप येतो तोच त्याला उशिरा पोचायचा. मग ब्रेक कधी मागणार?

मग आम्ही जवळजवळ दोन महिने फक्त तेवढंच केलं. दिवसातून पाच वेळा थांबून, शांत असताना सुद्धा, विचारायचो, हात कसे आहेत, पोट कसं आहे, कान कसे आहेत. आधी कंटाळून "माहीत नाही" म्हणायचा. एकदा गोखले रोडला दिवाळीच्या गर्दीत गेलो होतो, सगळीकडे आकाशकंदील, हॉर्न, तर माझा हात धरून म्हणाला, "आई कान गरम झाले." बस्स एवढंच. मी हात लावून बघितला, खरंच तापलेले होते. फुटायच्या साधारण पाच मिनिटं आधीची ती खूण होती आणि ती त्याने स्वतः शोधली, कुठल्याही थेरपिस्टला माहीत नव्हती. आम्ही लगेच एका सोसायटीच्या जिन्यात जाऊन बसलो, दहा मिनिटांनी उठून कंदील घेऊनच घरी आलो.

मग कंपासपेटीच्या झाकणाला आतून एक पट्टी चिकटवली. हिरवं, पिवळं, लाल असं. पिवळ्यापुढे त्यानेच लिहिलं "कान गरम" आणि त्यापुढे काय करायचं ते, "पाण्याची बाटली भरायला जा". टीचरशी ठरवलं होतं की बाटली हातात घेऊन उभा राहिला की काही न विचारता जाऊ द्यायचं. वर्गात कोणाला कळतही नाही, बाटली भरायला सगळेच जातात.

एक चूक आमच्याकडून झाली ती सांगते म्हणजे तुम्ही करू नका. सुरुवातीला एका टीचरनी गृहपाठ केला नाही म्हणून बाटलीचा ब्रेक बंद केला. दुसऱ्याच दिवशी बाक उलटा पडला. ब्रेक हे बक्षीस नाही, तो काढून घ्यायचा नसतो. हे शाळेकडून आधीच लिहून घ्या.

वर्तकनगर_२४

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, वय २४, डेटा एंट्रीचं काम करतो. सहसा नुसतं वाचतो पण इथे लिहायला हवं असं वाटलं.

नेरुळच्या मॅडमनी ज्या अभ्यासांचा उल्लेख केला त्यातले सुरुवातीचे काही मी वाचले आहेत. १९९० च्या एका अभ्यासात मुलांच्या मनगटाला गजराचं घड्याळ असायचं आणि मूल कागदावर खूण करायचं, पण खूण कशाची तर हात हलवणं वगैरे केलं नाही याची. म्हणजे पद्धत चांगली आणि ध्येय माझ्या मते चुकीचं. मी शाळेत असताना माझ्यासाठीही असाच तक्ता होता, "हात शांत", "बाईंच्या डोळ्यात बघितलं". मी सगळ्या खुणा मिळवायचो. आणि त्या तासात काय शिकवलं ते मला काहीही आठवत नाही कारण सगळं डोकं हात धरून ठेवण्यात जायचं. घरी येऊन दोन तास बेडखाली झोपायचो. आईला वाटायचं शाळेत तर छान आहे मग घरीच का असं करतो.

म्हणून बाई, विनंती आहे, तक्त्यावर काय असावं ते चिकूला विचारा. हात हलवणं, पुटपुटणं, स्टेशनं म्हणणं हे दुसऱ्याला त्रास नसेल तर तक्त्यात आणू नका. त्याने तो शांत राहतो. कान दाबतो तेसुद्धा तो स्वतःचं व्यवस्थापनच करतोय. कोणी शिकवलं नाही, त्याने स्वतः शोधलंय. दाराकडे जातो कारण दाराजवळ आवाज कमी असेल, एकदा त्या जागी उभं राहून बघा. तुमच्या आवाजाशिवाय वही काढणं हे चांगलं ध्येय आहे कारण त्याने चिकूला मोकळीक मिळते.

आणि मुलींचं ऐकतो ती काळजी बरोबर आहे. मी पण सगळ्यांचं ऐकायचो. "नको" म्हणायला मला कॉलेजात कोणीतरी शिकवलं. चिकूच्या कार्डावर "नाही" ला शाबासकी मिळणार असं मॅडम म्हणाल्या ते मला सगळ्यात जास्त आवडलं.

नेरुळची_स्पेशल_टीचर

वर्तकनगर, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी सुद्धा सुरुवातीच्या वर्षांत "हात शांत" चे तक्ते केलेत. आज नाही करणार. तुमच्यासारखी मुलं मोठी होऊन बोलायला लागली तेव्हा कळलं.

तिसरीच्या_बाई (ऐरोली)

पाच आठवडे झाले, मुद्दाम थांबले होते, काहीतरी हातात आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं. खूप लांब होणार आहे, सॉरी.

आधी मी तीन दिवस मोजलं, ३७, ३३, ४०. मग चार फोटोंचं कार्ड केलं, लॅमिनेट केलं, पुसता येणारं पेन दिलं. शाळा सुटल्यावर मी चिकू झाले आणि तो बाई झाला. त्याला इतकं आवडलं, "बाई तुमची वही लटकतेय! नाही!" असं ओरडून सांगायचा. चार दिवसांत हो नाही पक्कं झालं. मी खूश.

आणि पाचव्या दिवशी वर्गात कार्ड दिलं तर त्याने परिपाठ संपायच्या आत सगळे रकाने भरून टाकले. बरोबर बरोबर बरोबर बरोबर, सगळे भरून पेनाचं टोपण लावून मोकळा, आणि मग वही न काढता बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं खोटं करतोय पण त्याच्या आईने सांगितलं की घरी कॅलेंडरचे रिकामे चौकोनही तो भरतो, रिकामा रकाना बघवतच नाही त्याला. म्हणजे त्याला रकाना दिसला आणि त्याने तो भरला, वहीचा संबंधच नव्हता.

मग मला गाडी सुचली. पुठ्ठ्याची लांब पट्टी कापली, त्यावर ठाणे ते वाशी स्टेशनं लिहिली आणि कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा दिला, तो म्हणजे गाडी. एक काम झालं की गाडी पुढच्या स्टेशनात. भरायला रकानाच नाही! रात्री अकरापर्यंत बसून केलं. सकाळी दिलं तर त्याने पट्टी बघितली आणि हातच लावेना. चिमटा ठाण्यालाच. मी मागून बोट दाखवतेय, नाही. शेवटी रडवेला होऊन म्हणाला, "दिघा गाव कुठेय?" मी माझ्या लहानपणापासूनच्या सवयीने ठाण्यानंतर थेट ऐरोली लिहिलं होतं. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ ला सुरू झालं आणि त्याच्या दृष्टीने मी दिलेली लाइनच चुकीची होती, चुकीच्या लाइनवर तो गाडी का चालवेल? मी तिथल्या तिथे सॉरी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडूनच नवी पट्टी लिहून घेतली. त्याच्या अक्षरात. आता विचार करते तर ते स्टेशन विसरले नसते तर पट्टी माझीच राहिली असती.

आता नऊ स्टेशनं म्हणजे आठ वेळा गाडी पुढे जाते, मी पहिल्या दोन तासांची चारचार कामं त्यावर बसवली. वाशी आलं की दोघांनी ताडायचं, माझी खूण मी हजेरीपटाच्या मागे करते. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी गाडी तुर्भ्याला थांबलेली. मी विचारलं पुढे का नाही गेली, तर म्हणाला "तारीख नाही घातली, सिग्नल लाल आहे." आणि मग स्वतःच तारीख घालून चिमटा पुढे नेला. माझ्याकडेही तिथे "नाही" च होतं. त्याला बक्षीस म्हणून काय हवं होतं माहितीये, मधली सुट्टी व्हायच्या आधी वर्गात घोषणा करायची, "पुढील स्टेशन". रोज एकदा करतो, बाकीची मुलं त्याची वाट बघतात.

आकडा सांगते, मागच्या बुधवारी त्याच वेळात ११. सोमवारी मात्र १९ होता, सुट्टी लागून आली की घसरतं. अजून चित्रकलेच्या तासाला काहीच नाही, तिथे त्या बाई परत तोंडाने सांगतात, त्यांच्याशी बोलायचंय.

दाराचं. वर्तकनगरदादा, तुम्ही सांगितलंत तसं मी खरंच मधल्या सुट्टीच्या आधी चिकूच्या बाकावर दहा मिनिटं बसले आणि मग दाराजवळ उभी राहिले. त्याचा बाक बरोबर पंख्याखाली आहे आणि तो पंखा खटखट करतो, मला इतक्या महिन्यांत ऐकू आला नव्हता. बाक बदलला. कान दाबणं एकदम गेलं नाही पण उठून जाणं बरंच कमी झालं. घोडबंदरच्या ताई, बाटलीची आयडिया घेतली, शिपाईमामांनाही सांगून ठेवलंय, आणि मुख्याध्यापकांनी लिहून दिलंय की तो ब्रेक शिक्षा म्हणून बंद करायचा नाही. शॅडो टीचरचं पत्र मार्चपर्यंत थांबवलंय. नंतर काय ते माहीत नाही.

एक अडचण आहे. काल दुसरा तास लवकर आटपला, गाडी वाशीला पोचली आणि मधल्या सुट्टीला अजून तिसरा तास पूर्ण बाकी. तो फार अस्वस्थ झाला, चिमटा हातात घेऊन फिरवत राहिला, परत ठाण्याला न्यायला तयार नाही कारण "परतीची गाडी वेगळी असते". काय करू?

नेरुळची_स्पेशल_टीचर

बाई किती छान काम केलंत. ३७ वरून ११. सोमवारचं मनावर घेऊ नका, तसंच होतं. ताडून बघणं आता रोज नको, आठवड्यातून दोनदा, आणि कुठल्या दिवशी ते त्याला आधी सांगू नका. चित्रकलेच्या बाईंकडे तुम्ही जाण्यापेक्षा पट्टी घेऊन चिकूलाच पाठवा, तो समजावून सांगेल, तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहा.

वाशीच्या पुढचं मी सांगत नाही. त्याला विचारलंत का?

तिसरीच्या_बाई (ऐरोली)

विचारलं आज. जराही वेळ न घेता म्हणाला, "बाई, पनवेल गाडी लावा. तुर्भ्यानंतर सानपाडा नाही, जुईनगर येतं." वहीच्या मागच्या पानावर पंधरा स्टेशनं लिहून दिली. चौदा कामं होतात. बारा तीन तासांची झाली, उरलेल्या दोनांत काय ठेवायचं विचारलं तर म्हणाला, "मानसरोवरला हात धू, खांदेश्वरला डबा काढ." पण मग चिमटा पुढे कधी न्यायचा यावर आमचं अजून ठरत नाहीये, हात धुऊन मानसरोवरला पोचायचं की मानसरोवरला पोचून हात धुवायचे. उद्या पुठ्ठा आणते, लिहिणार तोच आहे.